ग्राउंड निघालं तेव्हाचा फ्लेक्स

साणंद, ११ नोव्हेंबर

अजिंक्य,

फाडायचाच होता तर जूनमध्ये फाडायचास, तेव्हा जुना होता. सरांनी नवा छापून घेतल्यावर, मनपा शाळांच्या स्पर्धा तोंडावर आल्यावर, प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा रांगेत उभी असताना तू फाटकावर चढलास आणि माझं तोंड मधोमध टरकावलंस. दोन वर्षं रोज त्याच फ्लेक्सखालून आत गेलास, तेव्हा हात शिवशिवले नाहीत. आईनं फोनवर सांगितलं. रडत होती. म्हणाली, "पिंट्या, धाकल्यानं थोरल्याचा फोटो फाडला. लोक म्हणतील घरात वाटण्या झाल्या." वाटायला काय उरलंय ते तिचं तिलाच माहीत.

मी काय वाईट केलंय तुझं? स्पाइकचे निळे बूट कुणी पाठवले? शाळेच्या बिगुलाचं तोंड चेपलंय, ओठ फुटतो म्हणालास, तेव्हा तुझ्यापुरतं वेगळं तोंड घ्यायला पैसे कुणी दिले? आबांनी दिले असते? आबा म्हणाले असते, पिपाण्या वाजवून पोट भरतं व्हय रं. पण ते सोड.

फोन लावला की कट करतोस. व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक दिसते, म्हणजे ब्लॉक केलंस. म्हणून हे कागदावर लिहितोय. खंडू आणून देईल. तो इथून नव्या गाड्या ट्रेलरवर चढवून चाकणला आणतो आणि तिकडच्या भरून इकडे येतो. तुला माहीत आहे तो कोण. त्याच्याच रीलमध्ये मी नाचताना दिसलो आणि तू काहीतरी समजून बसलास.

त्याचं असं आहे. आमच्या युनिटकडून काही जवानांना मशीन शिकायला कंपनीत पाठवतात. तिथं रीलमध्ये दिसला तोच नारिंगी टीशर्ट घालावा लागतो, नियम आहे. कॉन्ट्रॅक्टरचं नाव पाठीवर छापलंय ते सगळ्यांच्याच असतं. घरी बोललो नाही कारण अशा गोष्टी बोलायची परवानगी नसते.

तू सरांना सॉरी म्हण. कारण विचारलं तर डोकं फिरलं होतं म्हण. रविराज सर रागीट आहेत, पण लांबवत नाहीत. बिगुल परत घे, यादीत नाव घालून घे. दहावीचं वर्ष आहे, खेळाचे मार्क मिळाले तर मिळाले. मी त्याच मार्कांवर दहावी पास झालो, हे काय तुला सांगायला नको.

फ्लेक्सचा खर्च मी देतो म्हणावं.

पिंटूदादा


साणंद, १८ नोव्हेंबर

अजिंक्य,

खंडू परत आला. म्हणाला, "तुझ्या भावानं तिथंच चहाच्या टपरीवर पत्र फोडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि हसला. तसलं हसू मला नको रे बाबा, मी चहा टाकून ट्रेलर चालू केला."

युनिटचं खोटं आहे. मी लष्करात नाही. कधीच नव्हतो.

हे एवढं लिहून मी बाहेर गेलो, चहा प्यालो, उगाच पानटपरीवर उभा राहिलो. परत आलो तरी कागदावर ते तसंच होतं.

मी प्रेसवर हेल्पर आहे. पत्रा उचलायचा, मशीनखाली सरकवायचा, हात काढायचा. वरून दणका बसला की खाली गाडीचं दार तयार. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे, कंपनीचा नाही. इकडं गुजरातेतच आधी हलोलला होतो, त्याच्याआधी वापीला. कुठं टिकत नाही माझं मन. इथं आता बरेच महिने टिकलंय, कारण कंटाळा यायला पण ताकद लागते.

तुला सगळं पहिल्यापासून सांगतो. तू तेव्हा आठवीत होतास, बँडमध्ये नवीन होतास, तुला निम्मंच माहीत असेल.

सर आपल्या शाळेत आले तेव्हा हेडमास्तर त्यांना म्हणाले होते, खेळ घ्या नाहीतर बँड घ्या, तास एकच आहे आणि मैदानही एकच. सरांनी बँड मैदानाच्या मधे उभा केला आणि आम्हाला भोवती पळायला लावलं. मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर पाय टाकायचा. ठोका संथ तर पाय संथ, शेवटच्या फेरीला सर नुसता हात वर करायचे की ढोल दुप्पट. बाकीच्या शाळांची पोरं आम्हाला हसायची. म्हणायची, ह्यांची वरात निघाली. आणि बिगुलवाल्या पोरांनी आधी चार फेऱ्या पळून यायचं, मग फुंकायचं. तू त्याच फेऱ्यांतून पळणारा झालास. तुझ्याआधी एवढा दम मी कुणाचा बघितला नाही. माझा पण नाही.

भरतीच्या ग्राउंडवर ढोल नव्हता. नुसती पोरं, धूळ आणि शिट्टी. सुटल्या सुटल्या सगळे जीव घेऊन पळाले. मी मनातल्या मनात आपला ढोल वाजवला आणि त्याच्यावर पाय टाकत गेलो. पुढची पोरं एकेक करून मागं आली. शेवटच्या फेरीला सरांचा हात मला खरंच वर गेलेला दिसला. मी पहिल्या गटात आलो, पळायची परीक्षा पास. हे खरं आहे, अजिंक्य. बाकी सगळ्यावर थुंक, पण पळालो ते मी खरं पळालो.

मेडिकलला एक दिवस सोडून बोलावलं होतं. मी घरी फोन केला आणि एवढंच म्हणालो, "आई, ग्राउंड निघालं." आईनं आबांना सांगितलं, आबांनी पारावर सांगितलं, पारावर बबनराव बसले होते. नगरसेवकपद गेल्यापासून ते कुणाच्या तरी अभिनंदनाची वाटच बघत असतात. मी चाकणला एसटीतून उतरतोय तोवर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. भारतीय सैन्यदलात निवड. माझा फोटो पासपोर्टएवढा, बबनरावांचा दरवाजाएवढा.

मिरवणूक काढायचं ठरत होतं तेव्हा सर म्हणाले होते, हे मी स्वतः ऐकलंय, "बबनराव, मेडिकल होऊ द्या, मग काय ते करू." त्यावर बबनराव म्हणाले, "अहो सर, पोरगं एवढं पळून आलं. आता डॉक्टर काय त्याला रांगायला लावणार हायेत?" सगळे हसले. मी पण हसलो. मग म्हणाले, "आणि तुमच्या बँडला ड्रेस द्यायचे म्हणता ना कधीचे? ह्या निमित्तानं देऊन टाकू." सर पुढं बोलले नाहीत.

मग ती उघडी जीप, गुलाल, आणि पुढं आपल्या शाळेचा बँड. तू पहिल्यांदा गावात बिगुल वाजवत होतास. ओठाला रक्त आलं होतं आणि तू पुसत नव्हतास, मधूनमधून मागं वळून माझ्याकडं बघत होतास. आबा जीपमधे माझ्याशेजारी उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मिल्ट्रीवालं झालास रं."

दुसऱ्या दिवशी मेडिकलला गेलो आणि पडलो.

त्याचं कारण आत्ता लिहीत नाही. लिहायला बसलो होतो, पण नाही होत.

पिंटूदादा


साणंद, २६ नोव्हेंबर

अजिंक्य,

तुझी चिठ्ठी मिळाली. खंडूनं बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घालून आणली. "सरांनी कारण विचारलंय. काय सांगायचं ते तूच लिहून दे. मी तेवढंच सांगतो."

यापेक्षा शिवी दिली असतीस.

आईनं बाकीचं सांगितलं. सर म्हणालेत की कारण सांगितल्याशिवाय बिगुल नाही आणि स्पर्धेच्या यादीत नावही नाही. तू तोंड उघडत नाहीस. तासाला मैदानाच्या कडेला टाकीवर जाऊन बसतोस आणि पहाटे एकटाच देहूच्या रस्त्याला पळून येतोस. "पोरगं मुकं झालंय," म्हणाली. "तुझ्याशी काय भांडलंय का रे? तुझं नाव काढलं की ताटावरनं उठतंय."

मला वाटत होतं तू कधीतरी सगळ्यांसमोर ओरडून सांगशील. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो. तू सांगितलं असतंस म्हणजे मला सांगावं लागलं नसतं, आणि वर तुझ्यावर चिडायला पण मिळालं असतं. फ्लेक्स फाडलास तो राग होता, ते कळतं. पण त्यानंतर तू माझ्यासाठी गप्प बसलायस, बिगुल गेला तरी गप्प, स्पर्धा गेली तरी गप्प, हे कळायला मला इतके दिवस लागले. मी इकडं तुला बुटांचा हिशेब सांगत होतो.

आता कारण लिहितो. तीनदा लिहून खोडलंय, वर दिसेल तुला.

मेडिकलला सगळे कपडे काढायला लावतात. रांगेत उभं करतात. डॉक्टरनं हात लावून बघितलं, खोकायला सांगितलं आणि पेनानं माझ्या छातीवर फुली मारली. माझ्या डाव्या अंडाच्या वरच्या शिरा फुगलेल्या होत्या. डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, "घाबरू नकोस, बऱ्याच पोरांना असतं. छोटं ऑपरेशन आहे. करून घे आणि मुदतीत परत दाखवायला ये." बाहेर आलो तर माझ्यासारखी फुलीवाली बरीच पोरं भिंतीला टेकून बसली होती. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

म्हणजे एवढंच होतं. ऑपरेशन करायचं आणि परत जायचं. कदाचित मी आज खरंच तिथं असतो.

पण ऑपरेशन म्हणजे आबांना सांगायचं. आबांना काय सांगू? ज्या माणसानं काल जीपमधे खांद्यावर हात ठेवला, त्याला म्हणू की तुमच्या पोराचं तिथलं बिघडलंय? आबा बबनरावांना बोलले असते. बबनराव पारावर बोलले असते. मला गावातली एकेक माणसं दिसायला लागली, कोण काय म्हणेल ते ऐकू यायला लागलं. ह्याचं लग्न कसं व्हायचं, इथपर्यंत. मी विचार केला, आधी कुठंतरी लांब जाऊन गुपचूप काम करून पैसे साठवू, ऑपरेशन करू आणि मग जाऊ. घरी फोन करून सांगितलं, ट्रेनिंगला बोलावलंय, लगेच निघावं लागतंय. वापीला भरतीला आलेल्या एका पोराच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर होता, त्याच्याकडं गेलो. पैसे साठेपर्यंत मुदत निघून गेली. मग फ्लेक्स तसाच राहिला आणि मी पण.

आणि गेल्या वर्षीची दिवाळी तुला आठवत असेल. चार दिवस आलो होतो, केस बारीक केले होते, बाजारातलं फौजी जॅकेट घातलं होतं. सुट्टी असूनही सरांचा सराव चालू होता. सरांनी मला मैदानावर बोलावलं. बँडनं सलामी दिली. तू बिगुल वाजवलास. मला वाटलं होतं नुसतं उभं राहायचं आणि निघायचं, पण सर म्हणाले, पोरांशी दोन शब्द बोल. एका बारक्यानं विचारलं, "दादा, बंदूक किती जड असते?" मी म्हणालो, "तुमच्या ढोलापेक्षा हलकी." सगळे हसले. सरसुद्धा हसले. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. ते वाक्य मला कसं सुचलं, आणि इतक्या पटकन कसं सुचलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. फ्लेक्स बबनरावांनी लावला, गुलाल आबांनी उधळला, पण ते वाक्य माझं होतं.

तुझ्या चिठ्ठीला उत्तर म्हणून आधी लिहिलं होतं की सांग, मोबाईलवरून भांडण झालं. मग लिहिलं, सांग की दादा घरी पैसे देत नाही म्हणून चिडलो. तेही फाडलं. तुला खोटं बोलायला मी शिकवणार, म्हणजे काय राहिलं.

तू काही सांगू नकोस. सरांना मी फोन करतो.

करतो म्हणालोय. अजून केला नाही.

पिंटूदादा


साणंद, ३ डिसेंबर

अजिंक्य,

केला. जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅपच्या ढिगाऱ्यामागं जाऊन केला, तिथं मशीनचा आवाज कमी येतो.

सरांनी नंबर ओळखला. म्हणाले, "बोला जवान." वाटलं, तब्येत विचारावी आणि ठेवून द्यावा. मागं ढोल ऐकू येत होता, सराव चालू असणार.

मी म्हणालो, "सर, जवान म्हणू नका."

"का रे, प्रमोशन झालं काय?"

"सर, मी भरती झालोच नाही. मेडिकलला पडलो होतो. साणंदला कंपनीत आहे."

फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी पोरांना सांगितलं, "ढोल थांबवा रे. पाणी प्या." ढोल थांबला. मला वाटलं आता शिव्या पडतील. पडल्या नाहीत.

म्हणाले, "मेडिकलला कशात पडलास?"

मी सांगितलं. तुला लिहून झालं होतं म्हणून तोंडातून निघालं, नाहीतर निघालं नसतं.

"याचं ऑपरेशन होतं ना?"

"होतं सर."

"मग?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"आबांची. तुमची. फ्लेक्सची."

सर अजून मला हजेरीतल्या नावानंच हाक मारतात. बोलले ते असं, मी जसं आठवतंय तसं लिहितो. "गणराज, तुझ्यानंतर आपल्या शाळेतली चार पोरं ग्राउंड काढून आली. दोघं मेडिकलला पडले. विचारलं तर एक म्हणतो वजन कमी भरलं, दुसरा म्हणतो कागद अपुरे होते. मी मूर्खासारखा त्यांना केळी खायला घालत होतो. आता कळतंय कागद कसले अपुरे होते."

मी म्हणालो, "सर, माझं चुकलं."

"तुझं चुकलंच," ते म्हणाले. "फ्लेक्सला आणि मिरवणुकीला मान मी डोलावली. बँडला ड्रेस मिळतायत म्हटल्यावर माझं तोंड बंद झालं, ते माझ्याकडं. पण दिवाळीत तुला पोरांपुढं उभं केलं, तेव्हा तुला तोंड होतं. मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. ह्या पोरांना मी तुझं नाव घेऊन पळवलंय रे. सकाळी उठायचा कंटाळा केला की म्हणायचो, गणराज उठायचा."

तुझ्यासाठी फोन केलाय हे मी विसरून गेलो होतो. त्यांनीच विचारलं, "अजिंक्यला हे माहीत होतं?"

"रीलमध्ये बघितलं त्यानं. त्या आठवड्यातच."

"म्हणून फाडला."

"हो."

"आणि मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, एकट्याला विचारलं, बिगुल काढून घेतला, तरी बोलला नाही."

"नाही बोलला, सर."

"उद्या सकाळी त्याला बिगुल देतो," म्हणाले. "यादी अजून ऑफिसात आहे, नाव घालतो. ठेव आता."

मला माफ केलं का, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. गावात ये म्हणाले नाहीत, येऊ नको पण म्हणाले नाहीत.

फोन ठेवला आणि लगेच परत वाजला, त्यांनीच लावला होता. मला वाटलं राहिलेल्या शिव्या द्यायच्या असतील. म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. तुला पळताना काही कळायचं का? दुखायचं?"

मी म्हणालो, जास्त पळालो की डाव्या बाजूला खाली ओढ लागायची, जड वाटायचं. आडवं पडलो की जायचं. मला वाटायचं सगळ्यांनाच होत असेल.

सर म्हणाले, "अजिंक्य तिसऱ्या फेरीनंतर जांघेत हात धरतो. मी म्हणायचो, नाटकं करतो."

अजिंक्य, हे खरं आहे का? मी परत मशीनवर गेलो, पत्रे सरकवले, पण डोक्यात तेवढंच. तू टाकीवर बसायचास ते नुसतं रागानं नाही ना? मला वाटतंय तू पण कुणाला बोलला नसशील. कुणाला बोलणार, घरात बोलायची पद्धतच नाही. आबांना पण असेल, त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नसेल.

आधी मी लिहिणार होतो की तळेगावच्या डॉक्टरकडं जा, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, नाव दुसरं सांग. लिहिलं पण होतं एवढं. खंडूनं वाचलं आणि म्हणाला, "राव, तुम्ही भाऊ भाऊ नाव बदलूनच जगणार का?" त्याला मी पुष्कळ बोललो, रीलमुळं एवढं झालं तेही काढलं. तो म्हणतो, "मला काय माहीत तू मिलिट्रीत हायेस? मला तर तू म्हणाला होतास, घरच्यांनी हाकललंय." ते पण मीच सांगितलं होतं. माणसागणिक वेगळं सांगून ठेवलंय मी. सगळ्यांना एका ठिकाणी बसवलं तर माझी ओळख कुणाला पटायची नाही.

तर तळेगावला नको. सर म्हणालेत, स्पर्धा झाली की नववी-दहावीच्या सगळ्या पळणाऱ्या पोरांना ते स्वतः डॉक्टरकडं नेणार, आणि कशासाठी ते पालकांना बोलावून सांगणार. बबनरावांना पण सांगतो म्हणाले, बघू ड्रेस परत मागतात का. तू त्यांच्याबरोबर जा, स्वतःच्या नावानं जा. डॉक्टर विचारेल ते सगळं सांग. हात धरावा लागतो, तिसऱ्या फेरीला ओढतं, सगळं. सोनोग्राफी सांगितली तर थांबू नकोस, लगेच कर. ऑपरेशन सांगितलं तर भिऊ नकोस, त्यात काही नाही, हे मी न करता सांगतोय, तरी ऐक. तुला भरतीला जायचंय का नाही ते तू ठरव. नुसता बिगुल वाजवलास तरी चालेल. पण मेडिकलला तुझ्या छातीवर कुणी फुली मारता कामा नये, आणि मारलीच तर तू घरी आला पाहिजेस.

स्पर्धेला दुसऱ्या शाळांची पोरं सुटल्या सुटल्या जोर लावतील. लावू दे. पण दुखायला लागलं तर थांब. सरांना मी हेही सांगितलंय की तो मधेच थांबला तर ओरडू नका.

फ्लेक्सचा सांगाडा अजून फाटकावर आहे असं आई म्हणाली. सरांना म्हणावं, राहू द्या. तुझ्यानंतर जो कुणी खरा जाईल त्याचा लावा, पण आधी त्याची मेडिकल होऊ द्या.

आईला वाटतंय सर आपोआप निवळले. तिला तसंच वाटू दे थोडे दिवस. आबांना तू काही सांगायचं नाहीस. इतके दिवस माझं ओझं तू घेऊन बसलास, आता हे तरी मला घेऊ दे. आबा मारतील की गप्प बसतील, माहीत नाही. गप्प बसले तर जास्त अवघड.

मला अजून ब्लॉकमधून काढलं नाहीस ते बघितलं मी. काढू नकोस लगेच, तुला वाटेल तेव्हा काढ.

पाकीट खंडूकडं दिलंय, चिकटवलंय, तरी मोजून घे. ओव्हरटाइम धरून पाच हजार जमले होते, त्यातले हजार रुपये मी घरी यायच्या बसच्या तिकिटाला बाजूला ठेवलेत. चार हजार तुझ्या तपासणीला पाठवतोय.

पिंटूदादा